क्रोमियममधली पहिली झाडलोट: जुना फ्लॅग काढायचा तर कसा काढायचा

क्रोमियममध्ये, म्हणजे क्रोम ब्राउझर ज्यावर उभा आहे त्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये, काहीतरी कॉन्ट्रिब्यूट करायचंय पण कुठून सुरू करू, असं विचारणारे बरेच जण भेटतात आणि बहुतेकांच्या डोक्यात एखादं भारी नवीन फीचर असतं. माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी काहीतरी काढून टाका. नवीन फीचरला डिझाइन डॉक्युमेंट लागतं, मंजुऱ्या लागतात, महिनोन्महिने जातात. अडगळ काढायला फक्त धीर लागतो आणि ती काढताना ब्राउझर आतून कसा बांधलाय ते आपोआप कळत जातं.

अडगळ किती साठते याचा अंदाज यावा म्हणून एक जुनं उदाहरण देते. क्रोम २००८ च्या सप्टेंबरमध्ये आला तेव्हा त्याचं इंजिन वेबकिट होतं. २०१३ च्या एप्रिलमध्ये गूगलने त्यातून फाटा काढून ब्लिंक सुरू केलं, आणि त्या घोषणेतच सांगितलं होतं की आपल्याला न लागणाऱ्या ७ बिल्ड सिस्टिम आणि ७,००० हून जास्त फाइल्स, म्हणजे ४५ लाखांच्या वर ओळी, सुरुवातीलाच काढता येतील. त्यानंतरही हे चालूच आहे. २०२१ च्या जानेवारीत क्रोम ८८ मधून फ्लॅश गेलं, २०२३ मध्ये ११० पासून विंडोज ७ आणि ८ चा सपोर्ट गेला, आणि अशी एकेक गोष्ट गेली की तिच्यासाठी लिहिलेल्या इफ-एल्सच्या फांद्या कोडभर लोंबकळत राहतात. ज्याने त्या लिहिल्या तो टीम बदलून गेलेला असतो किंवा नोकरीच सोडून गेलेला असतो. मग त्या काढणार कोण? नवखे. म्हणजे आपण.

एक आधीच सांगून ठेवते. कमांड आणि फाइलची नावं मी इथे आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिलीत, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करा.

तयारी, थोडक्यात

लिनक्स मशीन असेल तर सगळ्यात कमी त्रास. रॅम ८ जीबी असली तरी चालतं असं क्रोमियमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, पण १६ पेक्षा जास्त हवी असंही तिथेच लिहिलंय, आणि दुसरं वाक्य जास्त गांभीर्याने घ्या. डिस्क किमान १०० जीबी मोकळी पाहिजे. आधी डेपो टूल्स नावाचा टूल्सचा गठ्ठा उतरवायचा, तो पाथमध्ये टाकायचा आणि मग ‘फेच क्रोमियम’. इथे बरेच ब्लॉग ‘नो हिस्टरी’ हा पर्याय द्यायला सांगतात, डाउनलोड लवकर होतं म्हणून. घरचं नेट यथातथाच असेल तर द्या, पण साफसफाईच्या कामात ही ओळ कधी आली आणि का आली हे सतत बघावं लागतं आणि हिस्टरीच नसेल तर लोकल ब्लेम, म्हणजे कुठली ओळ कुणी आणि कधी बदलली ते दाखवणारी गिटची सोय, काही कामाचं नाही, मग प्रत्येक वेळी ब्राउझरमध्ये क्रोमियमच्या कोड सर्चवर जाऊन तिथलं ब्लेम बघावं लागतं. तेही वाईट नाही, मी स्वतः निम्मा वेळ तिथेच असते.

बिल्ड करण्याआधी जीएनच्या (बिल्ड कसं करायचं ते ठरवणारं टूल) आर्ग्युमेंट्समध्ये तीन गोष्टी घाला: इज डीबग फॉल्स, इज कंपोनंट बिल्ड ट्रू, सिंबल लेव्हल शून्य. शेवटची विसरलात तर लिंकिंगच्या वेळी मेमरी संपते आणि मशीन असं गोठतं की माउससुद्धा हलत नाही. मग ‘ऑटोनिंजा’ला आउट फोल्डर आणि ‘क्रोम’ हे टार्गेट द्यायचं, आणि झोपायला जायचं. खरंच झोपायला जा, माझ्या लॅपटॉपवर पहिलं बिल्ड संध्याकाळी लावलं ते पहाटे झालं होतं. पुढची बिल्ड्स बदललेल्या भागापुरतीच असतात त्यामुळे सुसह्य होतात. पण रोज ‘जीक्लायंट सिंक’ करायचा, म्हणजे ताजा कोड ओढून घ्यायचा, मोह आवरा. प्रत्येक सिंकनंतर पुन्हा बरंच काही बिल्ड होतं, म्हणून एक सीएल हातात असेपर्यंत गरज पडल्याशिवाय सिंक करू नका. सीएल म्हणजे चेंजलिस्ट, बाकीचं जग ज्याला पुल रिक्वेस्ट म्हणतं तीच गोष्ट.

गूगलचं कॉन्ट्रिब्यूटर अ‍ॅग्रीमेंट ऑनलाइन सही करावं लागतं, आणि पहिल्या सीएलमध्येच ऑथर्स फाइलमध्ये आपलं नाव आणि ईमेल घालायचं. नोकरी करत असाल तर सही करण्याआधी ऑफिसच्या नियमात हे बसतं का ते विचारून घ्या, कारण तुम्ही लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क असेल तर कंपनीच्या नावाचं वेगळं अ‍ॅग्रीमेंट लागतं.

काढायचं काय

अडगळीचे प्रकार पुष्कळ आहेत. न वापरलेले इन्क्लूड, कुणीच कॉल करत नाही अशी फंक्शन्स, बंद झालेल्या बगचा नंबर असलेले टूडू. पहिल्या कामासाठी इन्क्लूड घेऊ नका. दिसायला सोपं वाटतं, पण एका हेडरमधून दुसरा हेडर आपसूक येत असतो, तो तुमच्या लिनक्सवर येतो आणि विंडोजवर येत नाही, आणि दोन ओळींच्या बदलासाठी चार दिवस जातात.

मी म्हणेन फीचर फ्लॅग घ्या, म्हणजे एखादं फीचर चालू-बंद करायची कोडमधली कळ. क्रोमियममध्ये नवीन काहीही येतं ते फ्लॅगच्या मागे येतं. कोडमध्ये बेस फीचर म्हणून एक नोंद असते, तिची डीफॉल्ट किंमत चालू किंवा बंद, आणि जिथे फरक पडतो तिथे फीचरलिस्टला विचारायचं की हे चालू आहे का. फीचर आधी बंद असतं, मग थोड्या लोकांना चालू होतं, मग सगळ्यांना, मग कोडमधलं डीफॉल्ट चालू करतात. इथपर्यंत सगळ्यांचा उत्साह टिकतो. शेवटची पायरी म्हणजे फ्लॅगच काढून टाकणं, ती मात्र राहून जाते, कारण तोवर फीचर लोकांच्या हातात असतं, लिहिणाऱ्याचं कौतुक झालेलं असतं, आणि एल्समधला जुना कोड कुणाला दिसतच नाही. आणि रिलीजचा वेग बघा, २०२१ मध्ये ९४ व्या आवृत्तीपासून सहा आठवड्यांऐवजी चार आठवड्यांनी स्टेबल रिलीज यायला लागलं, म्हणजे फ्लॅग येण्याचाही वेग तसाच.

शोधायचं कुठे? एक म्हणजे इश्यू ट्रॅकरवर गुडफर्स्टबग हा शब्द टाकून बघा. दुसरी जागा मला जास्त आवडते, फ्लॅग मेटाडेटा नावाची जेसन फाइल. क्रोमच्या फ्लॅग्जच्या पानावर जे जे दिसतं त्या प्रत्येकाची तिथे नोंद आहे, मालक कोण आणि कितव्या आवृत्तीत त्याची मुदत संपते हेही लिहिलेलं. मुदत संपली की फ्लॅग त्या पानावरून आपोआप दिसेनासा होतो, पण कोडमधून जात नाही. मुदत उणे १ असेल तर तो मुद्दाम कायमचा ठेवलाय, त्याच्या वाटेला जाऊ नका. बाकी ज्यांची मुदत संपून बऱ्याच आवृत्त्या झाल्यात त्यांची यादी करा, त्यातले कोडमध्ये डीफॉल्ट चालू असलेले वेगळे काढा. त्यातला सगळ्यात लहान निवडा. तीन-चार जागी वापर असलेला. चाळीस जागी वापर असलेला फ्लॅग पहिल्यांदा उचलू नका, मी उचलला होता आणि तो दीड महिना माझ्या उरावर बसला होता.

पुरावा

आता खरं काम. डिलीट करणं हे मांजरालाही येईल, कीबोर्डवर बसलं की झालं. हे काढल्याने कुणाचं काही अडणार नाही हे दाखवून देणं हे आपलं काम आहे. माळा आवरताना जुना पत्र्याचा डबा टाकण्याआधी घरात चार जणांना विचारतो ना, आणि नेमका पाचवा घरी नसतो आणि डबा त्याचाच निघतो, तसं आहे हे. इथे तो पाचवा कोण असू शकतो ते सांगते.

पहिला संशयित अँड्रॉइड. कोड सर्चमध्ये सी++ च्या नावावर क्लिक केलं की त्याचे सगळे वापर दिसतात आणि आपल्याला वाटतं झालं. नाही झालं. सी++ मध्ये नावाआधी के असतो आणि तेच फीचर स्ट्रिंग म्हणून के शिवाय फिरतं, जावामध्ये, जेसनमध्ये, टाइपस्क्रिप्टमध्ये. माझी फजिती इथेच झाली. क्लिक करून दिसलेले सगळे वापर काढले, लिनक्सवर सगळ्या टेस्ट हिरव्या, मी खूश, रिव्ह्यूला टाकलं. थोड्या वेळात अँड्रॉइडचे बॉट (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी मशीन्स) लाल, कारण क्रोम फीचर लिस्टच्या जावा फाइलमधून तोच फ्लॅग नावाने विचारला जात होता आणि मी ते बघितलंच नव्हतं. तेव्हापासून मी आधी ‘गिट ग्रेप’ करते, के सकट एकदा आणि के शिवाय एकदा, अख्ख्या सोर्स ट्रीवर, म्हणजे सगळ्या कोडमध्ये, फाइलचा प्रकार न सांगता. मॅक आणि आयओएसच्या एमएम फाइल्स, बिल्डच्या जीएन फाइल्स, टेस्टिंग फोल्डरमधलं फील्ड ट्रायल टेस्टिंग कॉन्फिग, ब्लिंकच्या व्हर्च्युअल टेस्ट सूट्सची यादी, सगळं त्यात येतं. ग्रेपचा निकाल एका फाइलमध्ये साठवून ठेवा आणि एकेक ओळ खोडत जा. जुनाट पद्धत वाटेल पण काही सुटत नाही.

दुसरा संशयित सर्व्हर. कोडमध्ये डीफॉल्ट चालू आहे याचा अर्थ सगळ्यांकडे चालू आहे असा होत नाही. गूगल सर्व्हरवरून एखादं फीचर काही लोकांसाठी चालू-बंद करू शकतं, आणि ते कॉन्फिग आपल्याला बाहेरून दिसत नाही. कदाचित एखाद्या गडबडीमुळे ते काही जणांसाठी बंदच ठेवलेलं असेल, आणि तुम्ही फ्लॅग काढलात की ती बंद करायची कळच गेली. म्हणून मालकाला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. बगवर साधी कमेंट टाका की हा फ्लॅग अमुक आवृत्तीपासून डीफॉल्ट चालू आहे, स्टेबलवर शंभर टक्के आहे का, किल स्विच म्हणून अजून लागतो का, नसेल तर मी काढते. मालक सापडत नसेल तर त्या फोल्डरच्या ओनर्स फाइलमध्ये ज्यांची नावं आहेत त्यांना विचारा. उत्तर यायला आठवडा लागला तर लागू दे, तोवर दुसरा फ्लॅग बघा.

तिसरी गोष्ट, ज्या कमिटने डीफॉल्ट चालू केलं तो शोधा. ‘गिट लॉग’ला एस पर्याय देऊन फ्लॅगचं नाव दिलं की ते नाव आलं-गेलं असे कमिट मिळतात. पण नुसतं बंदचं चालू केलेला कमिट त्यात कधी कधी येत नाही, कारण नाव जागच्या जागीच असतं, त्यासाठी त्या ओळीचं ब्लेम बघा. त्या कमिटचा मेसेज वाचा, त्यातला बग उघडा, बगवरच्या कमेंट्स शेवटपर्यंत वाचा. कंटाळवाणं आहे, पण मला एकदा तिथेच सापडलं होतं की फीचर चालू केलं, मागे घेतलं, पुन्हा चालू केलं, आणि दुसऱ्या वेळी एका प्लॅटफॉर्मला मुद्दाम वगळलं होतं. कोडमध्ये ते एका छोट्या इफडेफमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्मप्रमाणे कोड घेणाऱ्या-वगळणाऱ्या अटीत, होतं, माझ्या नजरेतून सुटलंच असतं.

आता काढा

‘गिट न्यू ब्रांच’ करून स्वच्छ ब्रांच घ्या. काढायचा क्रम वरून खाली: आधी फ्लॅग्जच्या पानावरचं, म्हणजे अबाउट फ्लॅग्ज, फ्लॅग डिस्क्रिप्शन्स आणि मेटाडेटा या तिन्ही जागच्या नोंदी. मोठा फ्लॅग असेल तर एवढाच एक सीएल करा आणि बाकी दुसऱ्यात. मग कोडमधल्या अटी. इफच्या आतलं राहतं, एल्समधलं जातं, इफ स्वतः जातो. एल्समधलं गेलं की तिथून कॉल होणारी फंक्शन्स अनाथ होतात, त्यांना दुसरीकडून कुणी बोलावतंय का बघा, नसेल तर तीही जातात, मग त्यांच्यामुळे आलेले इन्क्लूड, मग जीएन फाइलमधल्या फाइल्स आणि डिपेंडन्सी. शेवटी बेस फीचरची नोंद. कंपायलर जसा ओरडेल तसं मागे मागे जायचं.

टेस्टकडे जरा नीट बघा. ज्या टेस्ट फ्लॅग चालू करून चालतात त्यांतली चालू करायची ओळ काढायची, टेस्ट ठेवायची. ज्या फ्लॅग मुद्दाम बंद करून जुनं वागणं तपासतात त्या अख्ख्या जातात. आणि ज्या पॅरामीटरने दोन्ही बाजूंनी चालतात त्या साध्या टेस्ट होतात, म्हणजे टेस्ट पी चं टेस्ट एफ, आणि खाली इन्स्टँशिएट करणारी ओळ असते ती विसरू नका. टेस्ट फेल होतेय म्हणून टेस्टच काढली असं कधी करू नका, रिव्ह्यूअर लगेच पकडतात आणि मग पुढचं सगळं जास्तच बारकाईने बघतात. एखाद्याच फाइलमधल्या टेस्ट चालवायच्या असतील तर टूल्स फोल्डरमधलं ऑटोटेस्ट वापरा, कुठलं टार्गेट बिल्ड करायचं ते तोच शोधतो.

आणि जाता जाता दुसरं काही दुरुस्त करू नका. शेजारच्या फंक्शनचं नाव चुकलंय, कॉमेंटमध्ये स्पेलिंग चुकलंय, हात शिवशिवतात, कळतं मला. वेगळा सीएल करा. ‘गिट सीएल फॉरमॅट’ही फक्त तुम्ही बदललेल्या ओळींना हात लावतो, अख्खी फाइल सजवून देऊ नका, पुढच्या माणसाचं ब्लेम खराब होतं.

अडगळ वाटते पण नाही

या भागासाठी तरी लेख जपून ठेवा.

एनम, म्हणजे नंबर दिलेल्या नावांची यादी. एखाद्या एनममध्ये मधेच ऑब्सोलीट असं नाव दिलेली किंमत दिसेल, किंवा ३ नंतर एकदम ५ दिसेल. नीट करायला जाऊ नका. वर कॉमेंट असते की या किमती लॉगमध्ये साठवल्या जातात, नंबर बदलू नका आणि जुना नंबर पुन्हा वापरू नका. तुम्ही ५ चा ४ केलात तर जुन्या आणि नव्या आवृत्त्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात आणि कुठलाही बॉट लाल होत नाही, हाच त्यातला धोका. याच कारणाने, फ्लॅग काढताना एनम्स एक्सएमएलमधली त्याची नोंद मात्र तशीच ठेवायची. जुन्या आवृत्त्या वापरणारे लोक अजून तो पाठवत असतात.

प्रेफरन्सेस. कोडमधून एखादी सेटिंग काढली तरी लोकांच्या प्रोफाइलमध्ये तिची किंमत पडून असते. ती पुसायची तर ब्राउझर प्रेफ्स नावाच्या फाइलमध्ये जुन्या प्रेफरन्सेस साफ करणारी फंक्शन्स आहेत, तिथे डेप्रिकेटेड आणि महिना-वर्ष अशी कॉमेंट टाकून नोंद करायची, आणि साधारण वर्षभराने ती नोंदही काढायची. म्हणजे झाडूलाही मुदत आहे. ज्यांची मुदत उलटलीये अशा नोंदी काढणं हे फ्लॅगपेक्षाही सोपं पहिलं काम आहे खरं तर, फक्त त्यात शिकायला कमी मिळतं.

भाषांतरं. एल्सबरोबर एखादं वाक्य गेलं, म्हणजे बटणावरचा मजकूर वगैरे, तर जीआरडी फाइलमधून ते काढा. पण त्याची भाषांतरं एक्सटीबी फाइल्समध्ये असतात, भाषेला एक, मराठीची एमआर नावाची आहेच, तिच्यात जाऊन हाताने काही खोडू नका. त्या फाइल्स भाषांतराच्या ठरलेल्या चक्रात आपोआप बदलतात. मराठी वाचता येतं म्हणून चुकीचा शब्द तिथल्या तिथे सुधारावा असं वाटतं, मलाही वाटलं होतं, पण तो रस्ता तो नाही.

रिव्ह्यू

‘गिट सीएल अपलोड’ केलं की आधी प्रीसबमिट तपासण्या होतात आणि मग सीएल गेरिटवर, म्हणजे कोड रिव्ह्यूच्या साइटवर, जातो. मेसेजमध्ये पहिली ओळ छोटी, कंसात भागाचं नाव आणि काय काढलं ते. खाली पुरावा: कुठल्या आवृत्तीत डीफॉल्ट चालू झालं, कुठल्या कमिटने, मालकाने बगवर काय सांगितलं, आणि वापरणाऱ्याला काही फरक दिसणार नाही हे स्पष्ट. शेवटी बगचा नंबर. मेसेज कोडपेक्षा लांब झाला तरी चालेल. माझ्या एका ११ ओळींच्या सीएलचा मेसेज १४ ओळींचा होता आणि तो एकही कमेंट न येता पास झाला.

रिव्ह्यूअर कोण घ्यायचा ते ‘गिट सीएल ओनर्स’ ही कमांड सुचवते. ज्या ज्या फोल्डरला हात लावलात त्या प्रत्येकाच्या ओनर्सपैकी कुणीतरी हो म्हणावं लागतं, म्हणून बदल पाच-सहा फोल्डरमध्ये पसरला की पाच-सहा जणांच्या मागे लागावं लागतं, हे आणखी एक कारण लहान फ्लॅग घेण्याचं. मोठा बदल तोडायचा तर ‘गिट सीएल स्प्लिट’ आहे. सुरुवातीला ट्राय जॉब, म्हणजे लँड करण्याआधी सीएलवर बॉट, चालवायची परवानगी तुमच्याकडे नसते, रिव्ह्यूअरला नम्रपणे सांगा की ड्राय रन लावाल का. बरेच रिव्ह्यूअर कॅलिफोर्नियात, तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे ऋतूप्रमाणे रात्रीचे साडेनऊ नाहीतर साडेदहा. मी जेवण आटपून कमेंट्सची उत्तरं देते, त्याच रात्री एक फेरी होऊन जाते. सकाळी दिलं तर एक दिवस फुकट.

निट असं लिहून आलेली कमेंट म्हणजे किरकोळ गोष्ट, वाद न घालता करून टाका. पण रिव्ह्यूअरने विचारलं की हे नक्की कुणी वापरत नाही ना, तर नुसतं हो म्हणू नका, ग्रेप काय केलं आणि काय मिळालं ते लिहा. एलजीटीएम (‘लुक्स गुड टू मी’, म्हणजे मंजुरी) आला की सीएल कमिट क्यूमध्ये जातो, बॉट सगळ्या प्लॅटफॉर्मवर चालतात, आणि हिरवं झालं की सीएल लँड, म्हणजे मुख्य कोडमध्ये दाखल.

लँड झाल्यावर लॅपटॉप बंद करू नका लगेच. काही बॉट क्यूमध्ये नसतात, ते नंतर चालतात, आणि तिथे काही फुटलं तर तुमचा सीएल मागे घेतला जातो, कुणी तुम्हाला विचारत बसत नाही. आधी रिव्हर्ट, मग चर्चा, अशीच तिथली रीत आहे. माझा पहिला रिव्हर्ट झाला तेव्हा मी दोन दिवस गेरिट उघडलं नव्हतं लाजेने, आणि उघडलं तर रिव्हर्ट करणाऱ्याने फेल झालेल्या टेस्टची लिंक आणि ‘दुरुस्त करून पुन्हा पाठव, मी बघतो’ असं लिहून ठेवलेलं. दुरुस्ती दोन ओळींची होती.

कमिटर, म्हणजे सीएल स्वतः लँड करायचा हक्क असलेला, व्हायचं मनात असेल तर साधारण १० ते २० बऱ्यापैकी वजनाचे पॅच लागतात, तेही निदान तीन वेगवेगळ्या लोकांनी रिव्ह्यू केलेले, आणि नुसती इन्क्लूडची झाडलोट त्यात धरतीलच असं नाही. फ्लॅग काढताना ज्या भागाची ओळख झाली तिथलाच एखादा खरा बग मग उचला, रिव्ह्यूअरही ओळखीचे झालेले असतात.

सीएल बंद झाले की ‘गिट सीएल आर्काइव्ह’ चालवा, संपलेल्या कामांच्या लोकल ब्रांच तो टॅग करून काढून टाकतो. आणि आउट फोल्डरमध्ये जुनी बिल्ड्स पडली असतील तर तीही उडवा. माझ्याकडे गेल्या महिन्यात डिस्क भरली म्हणून बघितलं तर तीन वेगवेगळ्या नावांची डीबग बिल्ड्स निघाली, कशासाठी केली होती ते आता आठवतही नाही.